आधी चाकं, मग बॉडी: नॅरोगेज इंजिन आणि वॅगन शून्यातून बांधताना

नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं मॉडेल शून्यातून बांधायला घेणारे बहुतेक जण सुरुवात बॉडीपासून करतात. समोर ड्रॉइंग असतं, स्टायरीनचं (एक प्लास्टिक) शीट असतं, हात शिवशिवत असतात. बॉडी देखणी होतेही. मग तिच्याखाली बसेल अशी चेसिस (मोटर आणि चाकं असलेला खालचा सांगाडा) शोधायची वेळ येते आणि ती काही मिळत नाही. मोटर केबिनच्या खिडकीतून डोकावते, नाहीतर बोगी (डब्याखालची चाकांची फिरती चौकट) वळताना पायरीला अडते, नाहीतर अख्खं इंजिन ३ मिमी उंच बसतं. बॉडी चेसिसप्रमाणे बदलता येते, चेसिस बॉडीप्रमाणे बदलणं फार थोड्यांना जमतं. म्हणून इथला क्रम खालून वर जाणारा आहे.

आधी थोडा हिशेब. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एन गेज या छोट्या मॉडेल रेल्वेचा ९ मिमी रूळ आणि खऱ्या फुटाला मॉडेलवर ४ मिमी हे प्रमाण, या जोडीला ००९ म्हणतात. फुटाला ४ मिमी म्हणजे १:७६.२. नऊला ७६.२ ने गुणलं की ६८५.८ मिमी येतात, म्हणजे बरोबर २ फूट ३ इंच. वेल्समधल्या टॅलिलिन आणि कॉरिस या रेल्वेंचं गेज नेमकं हेच, त्यामुळे त्यांची मॉडेलं करणाऱ्यांना गेजमध्ये तडजोडच करावी लागत नाही. दोन फुटी गेजला खरं तर ८ मिमी रूळ हवा आणि अडीच फुटीला १० मिमी. पण एन गेजची तयार चाकं, चेसिस आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) मिळत असताना एका मिलिमीटरसाठी सगळं हाताने बनवायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. १:८७ प्रमाणात मात्र ९ मिमी रूळ अडीच फुटी गेजला छान जुळतो: ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.८. मोठ्या प्रमाणात काम करायचं असेल तर १६.५ मिमीचा रूळ घ्या. फुटाला ७ मिमी धरलं तर तो ७१८ मिमीचं गेज दाखवतो, १:४८ धरलं तर ७९२ मिमीचं.

पुढची सगळी मापं ००९ ची आहेत. एक आकडा पाठ करून ठेवा: खरा १ इंच म्हणजे मॉडेलवर ०.३३ मिमी. आणि प्रत्येक ड्रॉइंगवर आधी माणूस उभा करून बघा. सहा फुटी माणूस २४ मिमीचा होतो. त्याला केबिनमध्ये उभं राहता येत नसेल तर ते नॅरोगेज दिसणार नाही, चुकीच्या रंगातलं एन गेजचं इंजिन दिसेल.

चेसिस निवडताना

पहिली परीक्षा वेगाची. एन गेजच्या बऱ्याच चेसिस वेगवान गाड्यांसाठी गिअर केलेल्या असतात, नॅरोगेज मात्र रमतगमत चालतं. ताशी २४ किमी हा चांगला नमुना धरला तर मॉडेलने १ मीटर अंतर साधारण ११ सेकंदांत कापायला हवं. रुळावर एक मीटरच्या खुणा करा, कंट्रोलर पूर्ण उघडा आणि वेळ मोजा. ३ सेकंद लागले तर तो वेग ताशी ९० किमीच्या वर जातो. अशी चेसिस हळू चालवता येत नाही असं नाही, पण कंट्रोलरच्या पहिल्या पाव फेरीतच सगळा खेळ उरकावा लागतो आणि तिथेच मोटर अडखळते. खेळण्यातल्या स्वस्त चार-चाकी १६.५ मिमी चेसिसचं नेमकं हेच दुखणं आहे. तिथे गिअर बदलणं किंवा चेसिस बदलणं हे दोनच उपाय. वजन घालून वेग खऱ्या अर्थाने कमी होत नाही, मोटर तापते एवढंच.

दुसरी परीक्षा करंटची. चारच चाकं असलेल्या चेसिसमध्ये एका चाकाखाली धूळ आली की इंजिन थांबतं, म्हणून सगळी चाकं करंट घेतात का ते बघा. रबरी टायर असलेलं चाक करंट घेत नाही, हे मोजताना लक्षात ठेवा. चारपैकी दोन चाकांना टायर असतील तर प्रत्यक्षात दोन्हीं बाजूंना मिळून दोनच चाकं कामाची उरतात. ती चेसिस सांध्यांवर हमखास थांबणार. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जुन्या फीडबॅक कंट्रोलरवर (मोटरचा वेग बघून करंट झटक्यांनी देणाऱ्या) चालवू नका. त्याच्या झटक्यांनी अशी मोटर तापते आणि जळते.

निवड झाली की व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि रुळाच्या माथ्यापासून मापं लिहा: मोटरचा सर्वात वरचा बिंदू, सर्वात रुंद जागा, गिअरचा बुरुज पुढून किती अंतरावर आहे, बोगी असल्यास ती पूर्ण वळल्यावर तिचे कोपरे कुठवर जातात. बोगी ठेवायची ती प्रत्यक्ष तुमच्या सर्वात तंग वळणावर. सरळ रुळावर हाताने वळवून अंदाज घेऊ नका.

समजा सर्वात रुंद जागा १४ मिमी आहे. दोन्हीं बाजूंना अर्धा अर्धा मिलिमीटर मोकळा सोडला तर आतलं माप १५, आणि १ मिमीच्या भिंती धरल्या तर बाहेरचं १७ मिमी, म्हणजे खऱ्या इंजिनात सव्वाचार फूट. अरुंद बॉनेटच्या डिझेल इंजिनाला हे जास्तच होतं. इथे दोन वाटा आहेत. भिंत फक्त मोटरच्या पट्ट्यात ०.५ मिमीची ठेवायची, किंवा मुळातच रुंद बॉनेट असलेलं इंजिन निवडायचं. मोटर केबिनच्या बाजूला न ठेवता बॉनेटखाली ठेवायची, हे तर ठरलेलंच. नाहीतर ड्रायव्हर कमरेपासून कापावा लागतो.

स्टायरीनची बॉडी

चार जाड्या पुरतात: ०.२५, ०.५, ०.७५ आणि १.० मिमी. कापताना आरपार सुरी चालवू नका. स्टीलच्या पट्टीला लावून दोन-तीन हलके ओरखडे काढा आणि रेघ वर, आपल्याकडे तोंड करून, शीट खाली वाकवा. ते रेघेवर स्वच्छ तुटतं. जोर लावला तर पातं पट्टी सोडतं आणि कड तिरकी होते. तुटलेल्या कडेला उठलेली बारीक धार सुरीच्या पाठीने खरवडून टाका. ही धार राहिली की सांधा बंद होत नाही आणि पुढे पुट्टी भरत बसावं लागतं.

४ मिमीच्या प्रमाणात १ मिमीची भिंत म्हणजे तीन इंच जाड पत्रा! खिडकीच्या कडेला हे लगेच डोळ्यात भरतं. त्यावरची पद्धत अशी: बाहेरचा थर ०.२५ मिमी, त्याला खिडकी नेमक्या मापाची. आतला थर ०.७५ मिमी, त्यातली खिडकी चारही बाजूंनी १ मिमी मोठी. बाहेरून फक्त पातळ कड दिसते, आणि आतल्या खाचेत काचेचा तुकडा मागून अलगद बसतो. खिडक्या भिंत कापण्याआधी पाडा. कोपऱ्यात ०.८ मिमीची भोकं पाडून त्यांच्यामध्ये ओरखडे काढले की कोपरा पुढे फाटत जात नाही. नंतर चौकोनी कानशीने कोपरे काटकोनात आणायचे.

आता थर चिकटवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण सहा महिन्यांनी केळ्यासारख्या वाकलेल्या बॉड्या इथेच जन्माला येतात. पातळ सॉल्व्हंट, ब्युटानोन असो की बाटलीतलं तयार सिमेंट, प्लास्टिक वितळवतं आणि मग उडून जातं. दोन मोठे थर एकमेकांवर चिकटवले की मधल्या भागातल्या सॉल्व्हंटला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते आठवडेच्या आठवडे आत काम करत राहतं आणि पातळ थर आक्रसतो. उपाय साधा आहे. आतल्या थराला दर ८ ते १० मिमीवर १ मिमीची भोकं पाडा, सॉल्व्हंट कडेने आणि या भोकांतून ब्रशच्या टोकाने थोडंच सोडा, आणि तुकडा सपाट काचेवर वजनाखाली एक दिवस ठेवा. ०.२५ मिमीच्या थरावर ब्रश कधी रेंगाळू देऊ नका, तो पृष्ठभाग क्षणात सुरकुततो. लिमोनीनवर चालणारं सिमेंट हळू काम करतं, त्यामुळे मोठ्या पृष्ठभागाला तेच सोयीचं; कडांच्या सांध्यांना मात्र चटकन पकडणारं हवं. खिडकी उघडी असू द्या, हे वाफारे डोक्याला चांगले नाहीत.

रिव्हेट उमटवायचे ते थर चिकटवण्याआधी, आणि शीटचा तो तुकडा मापाला कापण्याआधी. ०.२५ मिमीच्या शीटच्या मागच्या बाजूला आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवा, खाली कडक पुठ्ठा घ्या आणि टोक बोथट केलेल्या सुईने प्रत्येक खुणेवर सारख्या जोराने दाबा. अंतर १ ते १.३ मिमी ठेवलं की ते खऱ्या तीन-चार इंचांशी जुळतं. दाबल्याने शीट किंचित ताणलं जातं आणि गुंडाळल्यासारखं होतं, म्हणूनच मापाला नंतर कापायचं. हातातल्या सुईने शंभर रिव्हेट सारखे येत नाहीत. ड्रिल स्टँडला सुई बसवून, खालीवर जाण्याला अटकाव लावून दाबलं की येतात. चुकलेली रांग दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीन तुकडा घ्यावा. अर्धा मिलिमीटर वाकडी रांग रंग दिल्यावर दुप्पट वाकडी दिसते.

बॉनेटचे वरचे कोपरे गोल असतात. १ मिमी भिंतीच्या कोपऱ्यावर २ मिमी त्रिज्येचा गोलवा कानशीने काढला तर आत अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त प्लास्टिक उरतं. ३ मिमी त्रिज्या काढायला गेलात तर जेमतेम कागदाएवढं उरतं आणि कोपरा फुटतो. म्हणून आतून प्रत्येक कोपऱ्याला २ × २ मिमीची चौकोनी काडी आधी चिकटवा, ती एक दिवस वाळू द्या, मगच तासा. वाळण्याआधी तासलं तर सांध्यातलं मऊ प्लास्टिक जास्त निघतं आणि नंतर तिथे खळगा दिसतो.

केबिनचं छत ०.५ मिमीचं. ते नळीला घट्ट बांधून नुकत्याच उकळून उतरवलेल्या पाण्यात मिनिटभर धरा आणि गार पाण्यात बुडवा. नळी हव्या त्या वळणापेक्षा बारीक घ्या, कारण शीट सोडल्यावर थोडं उघडतं. छत चिकटवून टाकू नका. ड्रायव्हर, काचा आणि वजन नंतर आत जायचंय.

हँडरेल ०.३ मिमी पितळी तारेचे, भोकं ०.३५ किंवा ०.४ ची, आणि तीही भिंती उभ्या करण्याआधी पाडलेली. उभ्या बॉक्समध्ये हातड्रिल तिरकं जातंच. भिंती जोडताना गुण्या वापरा आणि प्रत्येक कोपऱ्याच्या आत त्रिकोणी आधार द्या, पण तो चेसिसच्या वाटेत येत नाही ना, ते चेसिस आत घालून बघितल्याशिवाय सॉल्व्हंट लावू नका.

वजन

इंजिन किती ओढेल ते साधारण त्याच्या चालत्या चाकांवरच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शावर ठरतं. त्यामुळे स्टायरीनची हलकी बॉडी वजनाशिवाय शोभेची. मोकळी दिसेल ती जागा भरायची, पण तोल चाकांच्या मधोमध हवा. इंजिन एका गोल काडीवर आडवं ठेवा. दोन टोकांच्या एक्सलच्या मधल्या बिंदूवर ते तोलून राहिलं पाहिजे. पुढे जड झालं तर मागची चाकं नुसती फिरतात आणि करंटही सोडतात.

शिशाचा पत्रा किंवा छर्रे वापरणार असाल तर ते पांढऱ्या लाकडी गोंदाने, म्हणजे पीव्हीएने, कधीही बसवू नका. त्यातून सुटणाऱ्या आम्लाशी शिशाची प्रक्रिया होते, पांढरी पूड धरते, ती फुगत जाते आणि वर्षा-दोन वर्षांनी बॉयलर किंवा बॉनेट आतून फाटतं. बंद जागेत हे हमखास. इपॉक्सी वापरा. शिसं कापल्यावर हात धुवा आणि ते कानशीने घासू नका. जागा फारच कमी असेल तर टंगस्टनची पुट्टी किंवा गोळ्या घ्या. शुद्ध टंगस्टन शिशाच्या साधारण १.७ पट जड असतं. पुट्टीत इतर पदार्थ मिसळलेले असल्याने फरक तेवढा राहत नाही.

वॅगन

चार-चाकी उघड्या वॅगनची बॉडी एका संध्याकाळचं काम आहे. ३६ × २० मिमीचा तळ, चार भिंती, फळ्यांच्या रेघा २ मिमी अंतरावर सुरीच्या पाठीने ओढलेल्या, आतून आणि बाहेरून सारख्या. खरी गंमत एक्सलच्या आधारांत आहे. दोन एक्सल समांतर नसतील तर वॅगन रुळावर एका बाजूला घासत जाते आणि पहिल्याच सांध्यावर फ्लँज (चाकाची आतली उंच कड) चढते. तपासायची रीत: वॅगन काचेवर ढकला. ती सरळ गेली पाहिजे. दरवेळी एकाच बाजूला वळत असेल तर आधार उघडून पुन्हा बसवा. मग १ मीटर लांब सरळ रुळाचं एक टोक २० मिमी उचला. टोकदार एक्सल आणि पितळी कप असलेली वॅगन एवढ्या उतारावर आपोआप सुटायला हवी. सुटत नसेल तर बहुतेक वेळा आधार एकमेकांच्या जास्त जवळ आलेले असतात. फार लांब गेले तर चाक खालीवर डगमगतं आणि कधीतरी गळून पडतं. एक्सलची बाजूंना ०.२ मिमी हालचाल राहिली की झालं. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर ९ मिमी गेजला साधारण ७.४ मिमी ठेवा, आणि एका एक्सलवरची दोन्ही चाकं मधोमध आहेत का तेही बघा.

बोगी वॅगनला तीन पायांच्या स्टुलाचा न्याय लावायचा. एका बोगीचा स्क्रू असा कसा की ती फक्त डावी-उजवी वळेल, डुलणार नाही. दुसरीचा स्क्रू सैल ठेवा, म्हणजे ती वळेलही आणि डुलेलही. दोन्ही घट्ट केल्या तर खडबडीत रुळावर एक चाक हवेत राहतं. दोन्ही सैल केल्या तर बॉडी होडीसारखी हेलकावते.

बॉडीची लांबी ठरवण्यापूर्वी वळणाचं गणित करा. बोगींच्या केंद्रांमधलं अंतर ८० मिमी आणि वळणाची त्रिज्या २२८ मिमी, म्हणजे ९ इंच, धरू. मध्यभाग आत किती येतो? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येच्या आठपट: ६४०० भागिले १८२४, म्हणजे ३.५ मिमी. बोगीच्या केंद्रापलीकडे टोक २० मिमी असेल तर ते बाहेर जातं ६० च्या वर्गातून ४० चा वर्ग वजा करून, भागिले ४५६, म्हणजे ४.४ मिमी. बोगी साधारण १० अंश वळते. यातला शेवटचा आकडा सोल बारसाठी (बॉडीखालची बाजूची लांब तुळई) महत्त्वाचा: चाक बोगीच्या केंद्रापासून जितकं लांब, तितकं ते बाजूला सरकतं, आणि १० मिमी अंतरावर ते पावणेदोन मिमी सरकतं. तिथे सोल बार आतून तासावा लागतो किंवा बॉडी अर्धा मिलिमीटर उचलावी लागते. उचलणं सोपं वाटतं, पण नॅरोगेजचा सगळा दिमाख खाली बसलेल्या बॉडीत आहे. तासण्याचे कष्ट घ्या.

४.४ मिमीचा आकडा कपलिंगसाठी, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीसाठी. बॉडीला पक्कं केलेलं कपलिंग एवढं बाजूला गेलं की शेजारच्या चार-चाकी वॅगनला वळणाबाहेर ओढून रुळावरून उतरवतं. अशा वेळी कपलिंग बोगीवर घ्या, किंवा लांब दांड्याचं, बाजूला फिरणारं बसवा. कोणत्याही प्रकारचं कपलिंग घेतलं तरी उंची सगळ्या गाडीभर एकच हवी. स्टायरीनचा एक ठोकळा त्या उंचीचा कापून रुळावर उभा ठेवा आणि प्रत्येक वॅगन त्याला लावून बघा. डोळ्याने जुळवलेली उंची अर्ध्या मिलिमीटरने चुकते आणि चढाच्या माथ्यावर गाडी सुटते. वजनाचंही तसंच: चार-चाकी वॅगनला १० ग्रॅमच्या आसपास पुरे, पण सगळ्यांना सारखं. हलकी वॅगन जड वॅगनांच्या मध्ये आली की वळणावर आत ओढली जाते.

थ्रीडी प्रिंटबद्दल थोडक्यात. रेझिनमध्ये छापलेले एक्सलबॉक्स आणि बॉडी सुंदर येतात, पण टोकदार एक्सलसाठी लागणारा लवचिकपणा त्यात नसतो. आधार वाकवताना कडकन मोडतो. बॉडी छापा, चाकं धरणारा भाग पितळ किंवा स्टायरीनचा ठेवा. लांब सपाट भिंती तिरक्या ठेवून छापाव्यात आणि नीट कडक न झालेलं रेझिन रंगाखाली चिकट राहतं, एवढं सांभाळलं की बस.

रंग देण्याआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, वाळल्यावर बोटं लावू नका. प्रायमरचा पातळ हात दिला की न दिसलेल्या फटी, ओरखडे आणि सॉल्व्हंटचे डाग वर येतात. पुट्टी तेव्हा भरायची. अक्षरांचे डिकल (पातळ छापील चिकटचित्रं) चकचकीत वार्निशवर बसवा आणि शेवटी मॅट वार्निश फिरवा. मॅटवर डिकल लावला तर खाली हवा अडकते आणि चंदेरी कड दिसते. काचा मॅटनंतर. चाकं मात्र वेगळी काढून रंगवा, घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागाला टेप लावा आणि एक्सलची टोकं रंगापासून वाचवा. टोकाला लागलेला एक थेंब उतारावरची चाचणी नापास करायला पुरेसा असतो, म्हणून चाकं परत बसवल्यावर २० मिमी उचललेल्या रुळावर वॅगन पुन्हा सोडून बघा.